हॅकर : एका शब्दाचा इतिहास आणि संगणकीय विश्वासाचा प्रश्न

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंत्रविज्ञानाने जगातील बहुतेक भाषांना जे नवे शब्द दिले, त्यांत 'हॅकर' या शब्दाइतका वादग्रस्त शब्द क्वचितच सापडेल. मराठी वृत्तपत्रांतून हा शब्द प्रायः चोर आणि भामटे यांच्या पंगतीला बसतो. संगणकशास्त्राच्या वर्तुळात मात्र तोच शब्द आजही कौशल्याचा गौरव म्हणून उच्चारला जातो. एकाच शब्दाला असे दोन परस्परविरोधी अर्थ का चिकटावेत, याचे एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. आरंभीचे हॅकर हे निरागस ज्ञानोपासक होते. पुढे काही गुन्हेगार आणि उथळ प्रसारमाध्यमे यांनी त्या शब्दाला काळिमा फासला, असे ते उत्तर आहे. हे उत्तर आकर्षक असले तरी इतिहासाच्या कसोटीवर ते पूर्णपणे उतरत नाही.

प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. हॅकर संस्कृतीत सर्जन आणि अतिक्रमण या दोन्ही प्रवृत्ती प्रारंभापासून एकत्र नांदत होत्या. काळाच्या ओघात मुख्यतः बदलली ती त्या प्रवृत्तींची किंमत मोजणाऱ्या समाजाची व्याप्ती, असे लेखाचे प्रतिपादन आहे. हा प्रश्न केवळ शब्दव्युत्पत्तीचा नाही. जिज्ञासा कोठे संपते आणि अपराध कोठे सुरू होतो, याचा निर्णय महाविद्यालयांतील संगणक प्रयोगशाळांना आज प्रत्यक्ष व्यवहारात करावा लागतो.

उगम : रेल्वेच्या प्रतिकृतीपासून संगणकापर्यंत

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांनी 'टेक मॉडेल रेलरोड क्लब' स्थापन केला. रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती तयार करणे हा क्लबचा उद्देश होता. परंतु काही सदस्यांना डब्यांपेक्षा रुळांखालच्या विद्युतयंत्रणेचे आकर्षण अधिक होते. टेलिफोन यंत्रणेतील जुने रिले जोडून त्यांनी गाड्यांच्या नियंत्रणाची एक गुंतागुंतीची व्यवस्था उभी केली. क्लबच्या एप्रिल १९५५ मधील बैठकीच्या इतिवृत्तात विद्युतव्यवस्थेवर 'हॅकिंग' करणाऱ्यांनी फ्यूज उडू नये म्हणून वीजप्रवाह बंद करावा, अशा आशयाची नोंद आढळते. या शब्दाच्या तांत्रिक वापराचा हा सर्वांत जुना पुराव्यांपैकी एक होय.

१९५८ साली टीएक्स-० आणि १९६१ साली पीडीपी-१ हे संगणक संस्थेत आले आणि क्लबमधील अनेकांचे लक्ष त्यांच्याकडे वळले. तोपर्यंत मोठ्या संगणकांना सामान्य विद्यार्थ्याचा हात लागणे कठीण होते. छिद्रित कार्डांचा गठ्ठा कर्मचाऱ्याच्या स्वाधीन करून निकालाची वाट पाहावी लागे. नव्या यंत्रांसमोर मात्र स्वतः बसता येई. १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ वर तयार केलेला 'स्पेसवॉर' हा खेळ या मोकळ्या वातावरणाचे फलित होता. माहिती मुक्त असावी, संगणकापर्यंत सर्वांची पोच असावी, माणसाचे मूल्यमापन पदवीवरून नव्हे तर कामावरून व्हावे, ही या मंडळींची मूल्ये पुढे स्टीव्हन लेव्ही यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात 'हॅकर नीती' या नावाने मांडली.

परंतु या चित्राला दुसरी बाजूही आहे. याच संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देणारी प्रणाली विकसित झाली आणि प्रत्येकाच्या कामाचे संरक्षण व्हावे म्हणून तीत पासवर्डची योजना करण्यात आली. १९६२ साली ॲलन शेर या संशोधकाने पासवर्डची संपूर्ण यादीच छापून घेतली. आठवड्याला मिळणारे चार तास त्याच्या संशोधनाला पुरत नव्हते, एवढेच त्याचे कारण होते. तसेच, एमआयटीच्या विद्यार्थी वृत्तपत्राने नोव्हेंबर १९६३ मध्ये टेलिफोन व्यवस्थेचा गैरवापर करणाऱ्या 'हॅकर' मंडळींमुळे काही दूरध्वनी सेवा कमी कराव्या लागल्याचे वृत्त दिले होते. याचा अर्थ असा की, 'हॅकर' हा शब्द अतिक्रमणाच्या अर्थाने त्याच आवारात, जवळपास त्याच पिढीत वापरला जात होता. प्रसारमाध्यमांनी शब्द बिघडवला हे विधान या पुराव्यापुढे टिकत नाही.

या दोन्ही प्रसंगांत नुकसान मर्यादित राहिले, कारण सर्व संबंधित एकाच संस्थेचे होते आणि एकमेकांना ओळखत होते. अतिक्रमण हे घरातल्या घरात घडत होते.

उंबरठ्याबाहेर : टेलिफोनचे जाळे

घराचा उंबरठा प्रथम ओलांडला गेला तो टेलिफोनच्या तारांवरून. अमेरिकेतील दूरध्वनी कंपनी लांब पल्ल्याची लाइन मोकळी आहे हे दर्शविण्यासाठी २६०० हर्ट्झचा ध्वनी वापरीत असे. बोलण्याचा आवाज आणि नियंत्रणाचा संकेत एकाच तारेवरून जात असल्याने हा ध्वनी बाहेरून निर्माण करणाऱ्याला यंत्रणेचा ताबा घेता येई. न्याहारीच्या तृणधान्याच्या खोक्यात मिळणाऱ्या एका खेळण्यातील शिट्टीतूनही नेमका हा ध्वनी निघतो, या शोधामुळे जॉन ड्रेपर यांना त्या खाद्यपदार्थाचेच नाव टोपणनाव म्हणून मिळाले. 'एस्क्वायर' मासिकाच्या ऑक्टोबर १९७१ च्या अंकातील रॉन रोझेनबॉम यांच्या लेखाने ही भूमिगत दुनिया लोकांसमोर आणली. तो लेख वाचून स्टीव्ह वॉझनियाक आणि स्टीव्ह जॉब्स या तरुणांनी फुकट दूरध्वनी करू देणारी 'निळी पेटी' तयार करून विकली. पुढे त्यांनीच ॲपल ही कंपनी स्थापन केली.

सर्जन आणि अतिक्रमण एकाच व्यक्तीत कसे नांदू शकते, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही. मात्र येथे एक महत्त्वाचा फरक पडला होता. ज्याचे नुकसान होत होते तो आता शेजारच्या टेबलावरचा सहकारी नव्हता. ती एक चेहरा नसलेली प्रचंड कंपनी होती. जिचा चेहरा दिसत नाही तिचे नुकसान हे नुकसानच नव्हे, अशी एक सोयीस्कर धारणा याच काळात रूढ झाली. तिचे परिणाम पुढील पिढ्यांना भोगावे लागले.

भय आणि कायदा

१९८३ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरले. त्या वर्षी 'वॉरगेम्स' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील किशोरवयीन नायक खेळ समजून अमेरिकी सैन्याच्या संगणकात शिरतो आणि जग अणुयुद्धाच्या काठावर येऊन ठेपते. त्याच वर्षी मिलवॉकी शहरातील तरुणांच्या एका गटाने लॉस अलामॉस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेसह सुमारे ६० संगणकांत प्रवेश केल्याचे उघडकीस आले. आपल्या विभागाच्या दूरध्वनी क्रमांकावरून हा गट स्वतःला '४१४' म्हणवीत असे. कल्पित आणि वास्तव यांची अशी गाठ पडल्यावर कायदेमंडळाला स्वस्थ बसणे शक्य नव्हते. १९८६ मध्ये अमेरिकेत संगणकीय फसवणूक व गैरवापर यांसंबंधीचा कायदा संमत झाला.

याच सुमारास हॅकर संस्कृतीचे तीन प्रवाह स्पष्टपणे वेगळे होऊ लागले. पहिला प्रवाह रिचर्ड स्टॉलमन यांचा. त्यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प घोषित केला आणि हॅकर नीतीला परवान्याच्या रूपाने कायदेशीर चौकट मिळवून दिली. दुसरा प्रवाह जर्मनीतील 'केऑस कॉम्प्युटर क्लब'सारख्या संघटनांचा. १९८१ साली स्थापन झालेल्या या क्लबने १९८४ मध्ये तेथील टपालखात्याच्या माहितीसेवेतील दोष दाखवण्यासाठी हॅम्बुर्गच्या एका बचत बँकेच्या खात्यातून १ लाख ३० हजारांहून अधिक मार्क आपल्या नावे जमा करून दाखवले, ही गोष्ट जाहीर केली आणि पैसे परत केले. तिसरा प्रवाह उघड विक्रीचा होता. १९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे संगणकाच्या हिशेबातील केवळ ७५ सेंटची तफावत शोधण्याचे काम आले. त्या तफावतीचा माग काढता काढता ते जर्मनीतील हॅनोव्हर येथील मार्कुस हेस या घुसखोरापर्यंत पोहोचले. अमेरिकी सैन्यविषयक संगणकांतील माहिती सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकली जात होती, हे त्यातून निष्पन्न झाले.

२ नोव्हेंबर १९८८

कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या पदव्युत्तर विद्यार्थ्याने २ नोव्हेंबर १९८८ रोजी एक स्वयंप्रसारी प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. पत्रप्रेषणाच्या प्रोग्रॅममधील एक उघडी राहिलेली चाचणीसुविधा, दुसऱ्या एका सेवेतील स्मृतिमर्यादेचा दोष, परस्परांवर विश्वास ठेवणारे संगणक आणि सहज ओळखता येणारे पासवर्ड अशा चार मार्गांनी तो पसरत होता. माहिती नष्ट करणे हा त्याचा हेतू नव्हता. एखादा संगणक आधीच बाधित असेल तर पुन्हा बाधित करू नये, अशी तरतूदही त्यात होती. मात्र ती तरतूद कोणी फसवू नये म्हणून सातांपैकी एका वेळी तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची योजना मॉरिसने केली, आणि तेवढ्यानेच अनर्थ झाला. एकाच यंत्रावर त्या प्रोग्रॅमच्या अनेक प्रती चालू लागल्या आणि यंत्रे ठप्प झाली. इंटरनेटला त्या वेळी जोडलेल्या सुमारे ६० हजार संगणकांपैकी ६ हजारांना बाधा झाली, असा तत्कालीन अंदाज होता.

१९९० मध्ये मॉरिस दोषी ठरला. त्याला ३ वर्षांचे परिवीक्षण, ४०० तासांची समाजसेवा आणि १० हजार ५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. पुढे तोच एमआयटीत प्राध्यापक झाला. या घटनेनंतर लगेच कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आणीबाणीला प्रतिसाद देणारे पहिले केंद्र स्थापन झाले. विद्यापीठे परस्परांना ओळखतात, म्हणून त्यांचे संगणकही परस्परांवर विश्वास ठेवू शकतात, या गृहीतकावर आरंभीचे इंटरनेट उभे होते. त्या रात्री हे गृहीतक कोसळले. वाईट हेतू नसतानाही मोठी हानी होऊ शकते, हा धडा हॅकर नीतीत नव्हता; तो अनुभवातून शिकावा लागला.

भारतीय संदर्भ

भारतात हा प्रश्न ठळकपणे पुढे आला तो अणुचाचण्यांच्या पार्श्वभूमीवर. ११ व १३ मे १९९८ रोजी पोखरण येथे चाचण्या झाल्या आणि जूनच्या आरंभी 'मिलवर्म' नावाच्या एका आंतरराष्ट्रीय किशोरगटाने मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत प्रवेश करून ई-पत्रे हस्तगत केली व संकेतस्थळावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र झळकावले. आपली कृती अण्वस्त्रविरोधी निषेध असल्याचे त्यांचे म्हणणे होते. हॅकिंग हे राजकीय वक्तव्याचे साधन होऊ शकते, याची ही आरंभीची जागतिक उदाहरणे. आणि तिचे लक्ष्य तुर्भे येथे होते.

यानंतर दोन वर्षांनी, १७ ऑक्टोबर २००० रोजी, माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अमलात आला. त्याच्या मूळ कलम ६६ चे शीर्षकच संगणक प्रणालीचे हॅकिंग असे होते. हानी करण्याच्या हेतूने किंवा हानी होईल हे माहीत असून संगणकातील माहिती नष्ट करणे, बदलणे किंवा तिचे मूल्य घटवणे अशी त्याची व्याख्या होती, आणि त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद होती. २००८ च्या दुरुस्तीने, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली, 'हॅकिंग' हा शब्द या कलमातून वगळण्यात आला. कलम ४३ मध्ये वर्णिलेली विनापरवाना प्रवेशासारखी कृत्ये अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास तो फौजदारी गुन्हा ठरेल, अशी रचना त्याच्या जागी आली. हा बदल अभ्यासकांच्या नजरेतून सहसा निसटतो. ज्या शब्दाला समाज गुन्ह्याचा पर्याय मानू लागला होता, तो शब्द कायद्याने मात्र सोडून दिला आणि कृती, परवानगी व हेतू या तीन कसोट्यांवर भर दिला. येथे कायदा लोकभाषेपेक्षा अधिक विवेकी ठरला, असे म्हणावे लागेल.

कायदा नसेल तर काय होते, हे त्याच वर्षी फिलिपिन्सने अनुभवले. मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या मिषाने पसरलेल्या व्हायरसने जगभरातील कोट्यवधी संगणकांना ग्रासले. त्याचा कर्ता मनिला येथील एका संगणक महाविद्यालयाचा विद्यार्थी होता. इतरांचे पासवर्ड मिळवून इंटरनेट विनामूल्य वापरण्याच्या पद्धतीवर त्याने प्रबंधाचा प्रस्ताव सादर केला होता आणि महाविद्यालयाने तो फेटाळला होता. अशा कृत्याला शिक्षा देणारा कायदाच त्या देशात नसल्याने त्याच्यावरील आरोप मागे घ्यावे लागले. १९६२ चा शेर, साठ-सत्तरच्या दशकांतील टेलिफोनवेडे आणि २००० चा हा विद्यार्थी यांच्यात एक समान धागा आहे: ज्या साधनाची ओढ होती, त्यापर्यंत पुरेशी पोच त्यांना नव्हती. अभावाने अपराधाचे समर्थन होत नाही. पण अपराधाचे कारण समजण्यास त्याची मदत होते.

छंदाकडून उद्योगाकडे आणि राज्यसंस्थेकडे

एकविसाव्या शतकात या इतिहासाचे स्वरूप पालटले. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट'ने इराणमधील नतान्झ येथील युरेनियम समृद्धीकरणाची यंत्रे बिघडवली. संगणकातील प्रोग्रॅम भौतिक यंत्रांची मोडतोड करू शकतो, हे त्याने सिद्ध केले. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशेहून अधिक देशांतील संगणक कुलूपबंद केले आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांच्या कामकाजात खंड पाडला. त्यात वापरलेले तंत्र अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून फुटलेले होते. नागरिकांच्या रक्षणासाठी नेमलेल्या संस्थेने दोष लपवून ठेवला आणि तोच नागरिकांवर उलटला, हे या प्रकरणातील सर्वांत गंभीर सत्य होय. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या'च्या हल्ल्यात मर्स्क ही जहाजवाहतूक कंपनी सापडली आणि तिच्यामार्फत चालणारे न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलही ठप्प झाले. युक्रेनवर रोखलेल्या शस्त्राचा घाव रायगड जिल्ह्यातील बंदरावर पडला.

पुण्याने याचा प्रत्यय ऑगस्ट २०१८ मध्ये घेतला. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ११ व १३ ऑगस्ट या दोन दिवशी सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. बँकेच्या मुख्य प्रणालीकडे मंजुरीसाठी जाणाऱ्या संदेशांना मध्येच अडवून खोटी मंजुरी देणारी समांतर यंत्रणा उभी करण्यात आली. त्यायोगे बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएम केंद्रांतून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. उरलेली सुमारे १४ कोटींची रक्कम हाँगकाँगमधील एका बँकेत वळवण्यात आली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा उत्तर कोरियाशी संबंध जोडला. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले. त्यांची भूमिका एटीएममधून रोकड काढण्याच्या साखळीतील होती. सूत्रधार सीमेपलीकडेच राहिले. येथे जिज्ञासा, निषेध, मुक्त माहिती यांपैकी कशाचाही मागमूस नाही. ही दरोडेखोरी आहे आणि तिला हॅकर संस्कृतीच्या इतिहासात बसवणे हे वर्गीकरणाच्या दृष्टीने चुकीचे आहे.

राखणदाराची भूमिका

असे असले तरी, ज्या कुतूहलातून अतिक्रमण जन्मले त्याच कुतूहलाने संरक्षणही केले, हे विसरता येत नाही. १९ मे १९९८ रोजी बोस्टनच्या 'लॉफ्ट' या गटातील सात हॅकरांनी अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर साक्ष दिली आणि ३० मिनिटांत इंटरनेट बंद पाडता येईल, असा इशारा दिला. राज्यसंस्थेने हॅकरांना आरोपी म्हणून नव्हे तर जाणकार म्हणून पाचारण करण्याचा तो एक ठळक प्रसंग होता. पुढे कंपन्या दोष कळवणाऱ्यांना बक्षिसे देऊ लागल्या आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेही अशी योजना राबवली.

अगदी अलीकडचे उदाहरण मार्च २०२४ मधील आहे. लिनक्स प्रणालीत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या 'एक्सझेड' या माहितीसंक्षेपाच्या मुक्त प्रोग्रॅममध्ये एका टोपणनावधारी सहकाऱ्याने चोरदरवाजा बसवला होता. त्यासाठी त्याने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक स्वयंसेवकाप्रमाणे काम करून विश्वास संपादन केला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा अकारण विलंब जाणवला. त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला आणि जगभरातील असंख्य संगणकांवरील संकट टळले. स्टोल यांचे ७५ सेंट आणि फ्रॉइंड यांचा अर्धा सेकंद यांत ३८ वर्षांचे अंतर आहे. वृत्ती मात्र एकच. क्षुल्लक विसंगतीकडे कानाडोळा न करणे हाच मूळ अर्थाने हॅकरचा स्वभाव होय.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष संभवतात. पहिला असा की, निरागस आरंभ आणि नंतरचे अधःपतन ही मांडणी पुराव्याला धरून नाही. दोन्ही प्रवृत्ती एकाच आवारात वाढल्या. दुसरा असा की, अतिक्रमणाची गंभीरता बदलली ती विश्वासाचे वर्तुळ एका खोलीपासून जगापर्यंत विस्तारल्यामुळे. खोलीतील चूक माफीने मिटत असे. जगाच्या जाळ्यातील चूक रुग्णालय आणि बंदर बंद पाडते. तिसरा असा की, राज्यसंस्था या इतिहासात केवळ पीडित किंवा रक्षक नाही. ती स्वतःही एक कर्ती आहे. म्हणून सर्व दोष किशोरवयीन मुलांच्या माथी मारणारे विवेचन अपुरे ठरते.

चौथा निष्कर्ष अध्यापकांच्या जबाबदारीविषयी आहे. मनिलाच्या महाविद्यालयाने प्रबंध फेटाळला हे योग्यच होते, कारण इतरांचे पासवर्ड घेण्यास संशोधन म्हणता येत नाही. तथापि केवळ नकाराने कुतूहल विझत नाही, ते आडवाटेने जाते. आपल्या महाविद्यालयांत संगणक सुरक्षेचे धडे दिले जातात. पण संस्थेच्या प्रणालीतील दोष एखाद्या विद्यार्थ्याला आढळला तर त्याने तो कोणाकडे, कोणत्या रीतीने कळवावा आणि तसे केल्याबद्दल त्याच्यावर कारवाई होणार नाही याची हमी कोण देणार, याचा लेखी नियम असणे तितकेच आवश्यक आहे. बंदिस्त सरावजाळे, परवानगीची स्पष्ट पद्धत आणि दोष कळवण्याचा निर्भय मार्ग या तीन गोष्टींना फारसा खर्च लागत नाही. कायद्याने २००८ साली शब्द सोडून हेतू आणि परवानगी यांचा विचार केला. तोच विवेक शिक्षणसंस्थांनी आपल्या नियमावलीत आणला, तर पुढच्या पिढीतील कुतूहल कोणत्या बाजूला उभे राहील हे ठरवण्यात त्यांचा वाटा मोठा असेल.